बहिऱ्या भिंतीतली खिडकी

४ जानेवारी

धाकटोबा,

तुझ्या कचेरीचा कागद पोचला. पाववालीनं टोपलीत पावाबरोबर वर पाठवला, त्यामुळे तुझ्या सहीला थोडं पीठ लागलंय. सही लगेच ओळखली. शेवटच्या अक्षराला शेपूट काढायची खोड तुझी लहानपणापासूनची. मास्तरांनी हातावर पट्ट्या मारल्या तरी गेली नाही, ती मोठ्या हुद्द्यावर जाऊन कशी जाईल?

इतक्या वर्षांत तुझ्या हातचं काही आलं ते हे. वर लिहिलंयस, ‘बुरूज क्रमांक सहा येथील रहिवासी यांस’. बरं झालं सांगितलंस. मी आपली समजत होते की मी तुझी ताई आहे.

कागद दोनदा वाचला. किनाऱ्यावरचे सगळे बुरूज परक्यांनी बांधले तेव्हा होते तसे ‘मूळ स्वरूपात’ आणायचे. आत राहणाऱ्यांना बंदरामागे नवी घरं द्यायची. आम्ही लोकांनी नंतर केलेलं सगळं काढून टाकायचं: पाववालीची भट्टी, धोबिणीच्या दोऱ्या, माझ्या भिंतीवरच्या फळ्या. आणि क्रमांक सहाला खास एक ओळ आहे. ‘गावाच्या बाजूच्या भिंतीत नंतर पाडलेले भगदाड दगडांनी बुजवण्यात येईल.’

भगदाड.

अरे, त्या भगदाडात तू झोपायचास. भिंत इतकी जाड की खिडकीच्या पोकळीत तुझं अख्खं अंथरूण मावायचं. डोकं घरात आणि पाय गावाकडे. तिथंच बसून तू धडे घोकायचास आणि मी खाली शिडं शिवत ऐकायचे. तू परीक्षेपुरतं पाठ केलंस आणि विसरलास, माझं मात्र तेवढंच शिक्षण झालं. शाळेचं तोंड न बघता आज तुझा सरकारी कागद वाचते आहे आणि त्यातल्या दोन चुकाही दिसल्या. ते जाऊ दे.

तर साहेब, रहिवाशाचं उत्तर असं आहे. भट्टीचं पाववाली बघेल, दोऱ्यांचं धोबीण बघेल, दोघीही तोंडाच्या पक्क्या आहेत. खिडकीचं मी सांगते. ती बुजायची नाही.

बाकी मी ठणठणीत आहे. काम भरपूर आहे. आता शिडं कोणी शिवून घेत नाही, ताडपत्र्या येतात, पण सुई तीच.

ताई


१९ जानेवारी

धाकटोबा,

तुझा मोजणीवाला येऊन गेला. माणूस चांगला, पण देहानं भरलेला. शिडीच्या मध्यावर आला आणि तिथंच थांबला. वर येईना, खाली जाईना. मी दारातून म्हटलं, “अहो, समुद्राकडे बघू नका, माझ्याकडे बघा.” तर म्हणतो, “बाई, तुमच्याकडे बघितलं की जास्तच भीती वाटते.” शेवटी खालून धोबिणीनं त्याला ढकललं आणि वरून मी हात दिला. चहा घेतल्यावर माणसात आला.

त्यानं विचारलं, टोपली दोरीनं वर का घेता, स्वतः का उतरत नाही? मी म्हटलं, या वयात थोडे लाड करून घेते. त्यानं ते लिहून घेतलं की काय कोण जाणे. तुझे लोक काहीही लिहून घेतात.

भिंती मोजून झाल्यावर तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग आपणहून म्हणाला, “बाई, हे उलटं कसं? बाकी ठिकाणचे बुरूज पाहिलेत मी. भिंत समुद्राच्या बाजूला जाड असते, कारण गोळे तिकडून येणार. दार गावाच्या बाजूला असतं. इथं दार समुद्राकडे आणि जाडी सगळी गावाकडे.” एवढं बोलून तो खिडकीशी गेला, खाली बाजारात मासे विकणाऱ्या बायकांकडे बघत राहिला, आणि मग त्यानं फीत गुंडाळली. त्याला ते बरोबर कळलं होतं.

तुलाही कळलेलं आहे, तेही लहानपणापासून. म्हणून राग येतो.

जाताना त्यानं तुझं चित्र दाखवलं, बुरूज नटूनथटून कसा दिसेल त्याचं. छपरावर तोफ ठेवली आहेस. तोंड समुद्राकडे. दाराशी पाटी: ‘शत्रूच्या जहाजांपासून बेटवासीयांचे रक्षण करण्यासाठी उभारलेला बुरूज’.

गच्चीवर तोफ फिरवायचा लोखंडी पट्टा अजून आहे. त्याला एका जागी खळगा पडलाय, तोफेचं चाक वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहिलं म्हणून. पावसाचं पाणी त्यात साचतं आणि चिमण्या आंघोळीला येतात. ‘चिमण्यांची वाटी’ हे नाव कोणी ठेवलं? तू. त्या वाटीशी उभं राहून, चाकाच्या जागी पाय ठेवून, तोफेसारखा हात लांब करून नेम कोणी धरला? तूच. आणि हात कुठे गेला होता? बाजाराकडे. तू घाबरून खाली आलास आणि आईला विचारलंस, “मासेवाल्यांनी काय केलं होतं?”

आईनं सांगितलं ते तुला आठवत नसेल तर पुन्हा सांगते. दगड आपल्याच आज्या-पणज्यांनी डोक्यावरून वाहिले, मजुरी म्हणून शिव्या आणि चाबूक. शत्रूचं जहाज कधी आलं नाही. तोफ एकदाच उडाली. किनारा सोडा, इथं पलटणीची कवायत होणार, असं फर्मान निघालं, आणि होडीवाले जाळी पसरून त्यावर बसून राहिले तेव्हा. कोणाचं किती रक्त सांडलं हे मोजायला कोणी शिल्लक ठेवलं नाही. आईच्या आजीच्या अंगावर त्या दिवसाची खूण होती, खांद्यापासून कोपरापर्यंत. ती खूण आईनं लहानपणी बोटानं चाचपलेली.

आणि तू लिहितोस, रक्षण.

पाटी लावायचीच असेल तर मी सुचवते, फुकट: ‘आम्हाला घाबरून बांधलेला बुरूज’. आणि तोफ ठेवायचीच असेल तर तिच्या खऱ्या जागी ठेव, वाटीत चाक ठेवून. येणारे लोक फोटो काढताना कुठे बघतील, ते बघू दे त्यांना.

ताई


११ फेब्रुवारी

धाकटोबा,

उत्तर आलं तुझं. टाईप केलेलं. तरी खाली एक ओळ हातानं लिहिलीस, तिच्यामुळे कागद फाडला नाही.

वरच्या टाईप केलेल्या ओळी बघू. ‘भावनेच्या भरात निर्णय घेऊ नये.’ नाही घेत. ‘इतिहासाची खरी ओळख मूळ स्वरूपातच होते.’ हे मात्र मला घशाखाली उतरेना. माणूस जन्मला तेव्हा उघडा होता, म्हणून म्हातारपणी त्याचे कपडे काढून बाजारात उभा करायचा का, मूळ स्वरूप म्हणून? परक्यांनी बांधला तो इतिहास आणि आम्ही त्यात चूल पेटवली, पाव भाजले, धुणं वाळत घातलं, ती अडगळ? ज्यांच्यावर तोफ रोखली होती त्यांनीच तोफेखाली संसार मांडला, यापेक्षा मोठी गोष्ट या बेटावर दुसरी कुठली घडली, मला सांग.

आता हातानं लिहिलेली ओळ. ‘ताई, नवं घर तळमजल्याला आहे. एकही पायरी नाही.’

म्हणजे मोजणीवाल्यानं सांगितलं तुला. पोटात काही ठेवत नाही तो माणूस.

बरं, खरं सांगते. पावसाळ्यापासून डावा गुडघा धरलाय. शिडी उतरले तर परत चढणं नाही, म्हणून उतरत नाही. पाववाली टोपली पाठवते, धोबीण दिवसाआड वर येऊन केर काढते आणि केर काढता काढता माझी खरडपट्टीही काढते. “इथं मरून पडलीस तर तुला खाली कसं न्यायचं, सांग,” म्हणते. मी म्हटलं, टोपलीतून. तुझं ते तळमजल्याचं घर मी मनात दोनदा फिरून आले, खोटं कशाला बोलू. दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेली मी मला दिसले. गुडघा तर केव्हाच गाठोडं बांधून तयार आहे.

अडलंय ते खिडकीपाशी. का, ते तुला कधी नीट सांगितलेलं नाही. आईनं शपथ घातली होती, ‘त्याला ओझं वाटेल’ म्हणून. आई गेली, शपथ फिटली.

तुझ्या वेळी आईचे दिवस भरले होते. बाजारातून येताना बुरुजामागच्या वाटेवर तिला कळा सुरू झाल्या. वळसा घालून समुद्राकडच्या शिडीशी जाणं होईना. ती भिंतीला टेकून बसली आणि हाका मारायला लागली. आत बाबा होते, मी होते. आम्ही भिंतीच्या अलीकडे, ती पलीकडे. मी बाबांच्या मांडीशी बसून दोरा ओवत होते आणि आम्हाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मासेवाल्या बायका धावत आल्या. तू त्या वाटेवर, भिंतीच्या पायाशी जन्मलास. एकीनं वळसा घालून शिडीखालून ओरडून सांगितलं तेव्हा बाबांना कळलं की त्यांना मुलगा झालाय.

आई बरी झाल्यावर छिन्नी-हातोडा घेऊन त्या भिंतीपुढे बसली. बाबा म्हणाले, “अगं, तोफेचे गोळे अडवणारी भिंत आहे ती.” आई म्हणाली, “गोळे नाही, हाका अडवते ती. बहिरी आहे मेली.” बाबा हसले. पण ती थांबेना. तुला पाठीशी बांधून रोज थोडं थोडं फोडायची. मग बाबांनीही हातोडा घेतला, मग वरचे दगड कोसळू नयेत म्हणून गवंडी येऊन कमान धरून गेला, मग होडीवाले आले. तू चालायला लागलास तेव्हा भिंतीतून पहिल्यांदा बाजाराचा आवाज आत आला. कोणीतरी कोणाशीतरी कोळंबीवरून भांडत होतं. आई ऐकत बसली आणि रडली.

म्हणून धाकटोबा, ते भगदाड नाही. तुझ्यासाठी भिंतीला फोडलेला कान आहे तो. त्यातच तुझं अंथरूण घातलं तिनं, मुद्दाम.

आता दुसरं. तू ज्या संध्याकाळी गेलास त्याचं. बेटावर रीत आहे, बुरुजाची शिडी कोणी वर ओढत नाही. पलटणवाले रोज ओढायचे, म्हणून आपण नाही. कितीही भांडण होवो. आणि बाबांनी तुझ्यावर ओढली. तू समुद्रापलीकडे जाऊन सरकारी नोकरीची परीक्षा देणार म्हणालास, तर ते म्हणाले, ज्यांच्या खुर्चीत बसशील त्यांच्यासारखाच होशील. त्यांचं चुकलं. तू वळसा घालून खिडकीखाली आलास, मी दोरीनं तुझी पुस्तकं आणि कोट खाली सोडला. तू घेतलास. वर बघितलं नाहीस. मी हाका मारत होते, तुला ऐकू येत होत्या, हे मला माहीत आहे.

पण पुढचं तुला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाबा धक्क्यावर गेले. होडी सुटली होती. परत आले ते लोहाराला घेऊन. शिडीचं वरचं टोक त्यांनी उंबऱ्याच्या दगडाला लोखंडी पट्ट्यांनी जखडून टाकलं, कोणालाही पुन्हा ती ओढता येऊ नये म्हणून. स्वतःलासुद्धा. तोंडानं कधी काही बोलले नाहीत, तुला माहीत आहे त्यांचं. पण पट्ट्या अजून तशाच आहेत. तेल मी देते.

आता तू ठरव. मी ठरवलंय.

ताई


२७ मार्च

धाकटोबा,

उत्तर दिलं नाहीस, माणसं पाठवलीस. ठीक.

परवा सकाळी मुकादम, गवंडी आणि दगडांची गाडी बुरुजामागे येऊन उभी राहिली. धोबिणीनं आधी पाहिलं. तिची शिट्टी बंदरापर्यंत जाते. घटकाभरात निम्मं बेट खाली जमलं. लोहार (जुन्या लोहाराचा मुलगा, तुझ्या वर्गात होता, तुझी शाई चोरायचा) घण खांद्यावर टाकून शिडीनं वर आला आणि उंबऱ्याशी बसला.

“ताई, पट्ट्या तोडतो. शिडी वर घ्या. दार समुद्राकडे, भिंती अशा, एक माणूस आत येत नाही महिनाभर. पाव-पाणी आम्ही टोपलीतून देतो.”

“आणि मग?”

“मग काय, बसू दे बोंबलत.”

खरं सांगते, मोह झाला. बुरूज बांधलाच त्यासाठी आहे. आत एक घाबरलेला माणूस आणि खाली गाव. मग माझ्या लक्षात आलं, या घराला मूळ स्वरूपात आणायला तुझी गरजच नव्हती. मी शिडी ओढली असती की आलंच असतं.

मी म्हटलं, “घण खाली ठेव. बाबांच्या पट्ट्यांना हात लावशील तर तुझी शाईची चोरी आज मास्तरांच्या मुलीला सांगेन.” मास्तरांची मुलगी म्हणजे त्याची बायको. त्यानं घण खाली ठेवला.

मुकादम शिडीनं वर आला. कोणी अडवलं नाही. मी म्हटलं, “या. चहा घ्या. काम करा. मी तुमच्या हाताला धरणार नाही.” त्याचा विश्वास बसेना. तो गवंड्याला घेऊन खिडकीशी गेला, तोवर मी माझी ताडपत्री आणि सुई घेऊन तुझ्या जागी जाऊन आडवी झाले होते. डोकं घरात, पाय गावाकडे. गुडघा मेला ठणकत होता, पण जागा अंगाला बरोबर बसली.

गवंडी म्हातारा आहे. थापी हातात घेऊन त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, “बाई, पाय तरी आत घ्या.”

“कशाला? तुम्ही पायांपासून सुरुवात करा. मी शिवत राहते.”

“तुम्हाला चिणू का मी?”

“कागदावर तसं लिहिलंय. भगदाड बुजवा. भगदाडात कोण आहे ते लिहिलेलं नाही.”

मुकादम चिडला. “बाई, सरकारी कामात अडथळा येतोय.”

खालून पाववाली म्हणाली, “अडथळा कसला? झोपलीये ती. तिची रोजची वेळ आहे.” तशी लोकं हसायला लागली आणि ते हसू त्या खिडकीतून सरळ घरात आलं, भांड्यांपर्यंत. गवंड्यानं मान वाकडी करून कमान बघितली. कमानीच्या दगडावरून हात फिरवला आणि विचारलं, “ही कोणी धरली होती?” मी म्हटलं, “असेल तुमच्यातलाच कोणी. आईला फोडता येत होतं, धरता येत नव्हतं.” त्यानं थापी पोत्यात टाकली. मुकादमाला म्हणाला, “मला दुसऱ्या बुरुजाचं काम द्या, नाहीतर घरी पाठवा. इथं माझा हात चालायचा नाही.”

गाडी दगडांसकट परत गेली. मुकादम म्हणाला, आता मोठे साहेब स्वतः येतील.

मी म्हटलं, येऊ दे. वाटच बघते आहे.

तर येच. हे माझं म्हणणं, नीट वाच, म्हणजे इथं येऊन वाद घालण्यात वेळ जाणार नाही. भट्टी आणि दोऱ्यांचं त्या दोघींशी बोल, समोर बसून, कागद पाठवून नाही. पाटीवर खरं लिही. तोफेचं तोंड खऱ्या जागी कर. खिडकी उघडी ठेव. एवढं केलंस तर मी तुझ्या तळमजल्यावर आनंदानं जाईन, गुडघा पुढे आणि मी मागे. नाही केलंस तर मी इथंच पडले आहे, आणि दरवेळी तुला आधी माझ्या पायांना दगड लावावे लागतील.

ताई


२ एप्रिल, सकाळ

धाकटोबा,

ही चिठ्ठी पाववाली तुझ्या विश्रामगृहावर आणून देईल. पाव ताजे आहेत, साहेबी दिमाख न दाखवता खा.

काल दिवेलागणीला तू आलास. मी तुझ्या जागेवरच पडून होते, दिवा लावायचा कंटाळा केला होता. तुला वाटलं असेल, मी झोपले आहे. एकटाच आला होतास, बरोबर कागद नाही, माणूस नाही. वाटेवर उभा राहिलास, भिंतीच्या पायाशी, जिथं जन्मलास नेमका तिथं. भिंतीला हात लावलास. आणि मग म्हणालास, “ताई.”

हाक मारली असं कोणी म्हणणार नाही. पुटपुटल्यासारखं म्हणालास. आपलं म्हणणं दुसऱ्याला ऐकू जावं की नाही हे ज्याचं ठरलेलं नसतं, तो माणूस म्हणतो तसं.

मला ऐकू आलं.

एवढ्या जाड भिंतीतून, समुद्राचा आवाज चालू असताना, ऐकू आलं. मी “ओ” दिली आणि तू दचकलास. मी म्हटलं, “वर ये.” तू म्हणालास, “उद्या,” आणि भराभर निघून गेलास. कोट तोच आहे का रे? नसेल. चालण्यावरून तसा वाटला.

आता तुझ्या कचेरीत बसून काय हवं ते ठरव. पण ते ठरवताना कालची ती हाक लक्षात ठेव. दगड बसवले असते तर तू तिथं उभा राहून परत गेला असतास आणि मी आत दोरा ओवत बसले असते.

आज ये. साहेब म्हणून आलास तरी चालेल, मी खिडकीत आडवी असेन आणि म्हणणं तेच राहील, त्यात एक टाकाही उसवायचा नाही. भाऊ म्हणून आलास तर बसून बोलू. दोन्हींना शिडी एकच आहे आणि ती खालीच आहे. वर पोचलास की उंबऱ्याशी वाकून बाबांच्या पट्ट्यांना हात लावून बघ.

चढताना खालून तिसरी पायरी सोड. ती मोडकी आहे.

ताई